दारापुढचा उतार

४ मार्च

चि. भिंगरी हिला आजीकडून ओंजळभर आशीर्वाद.

वि. वि. रस्ते खात्यात नोकरीला लागलीस आणि आजीच्या दाराचा रस्ताच विसरलीस, याला म्हणतात दिव्याखाली अंधार. जाताना फाटकाला लोंबकळून सांगून गेली होतीस, की पोचल्या पोचल्या सुकी अंजिरं पाठवते. मी काचेची बरणी धुऊन पुसून खिडकीत ठेवून दिली. रोज मांजर तिच्यात डोकं घालून बघतं आणि मग माझ्याकडे बघतं. मी त्याला समजावते, की बाई आता साहेब झाल्या आहेत, त्यांना जगाचे खड्डे बुजवायचे आहेत, आपली बरणी कुठून भरणार?

माझा आणि अक्षरांचा कधी परिचय झाला नाही हे तुला ठाऊक आहे. मी बोलते, तुझी आई लिहिते. लेकी बोले सुने लागे असं लोक म्हणतात. आमच्याकडे नातीला बोलायचं, सुनेला लागायचं, आणि वर सुनेनेच ते सुवाच्य अक्षरात लिहायचं. एवढी सोय कुठल्या सासूला मिळाली असेल?

(कंसातलं माझं. हे लिहिताना मी हसत नाहीये. आई.)

तर आता तुझ्या आईचे प्रताप ऐक. तू गेलीस आणि हिला पंख फुटले. तुझा बाप गेल्यापासून ही गणवेशाच्या दुकानात मशीनवर बसून लोकांच्या पोरांच्या पँटा शिवत होती. डोळे बारीक झाले, मान आखडली, पण जागा सोडली नाही. आणि आता केस पिकल्यावर बाई गाडी शिकल्या! मला सांगायची बटणं आणायला जाते. एवढी बटणं कुठल्या पँटला लागतात म्हणून मी एक दिवस खोदून विचारलं, तर लायसन्स काढून माझ्यापुढे ठेवलं. फोटोत अशी दिसते, की जणू दुकानातून बटणंच चोरताना सापडली आहे.

एवढ्यावर थांबली असती तर ती तुझी आई कसली? जुनी पण धडधाकट व्हॅन घेतली आणि मोठ्या रुग्णालयाचं काम मिळवलं. ज्यांना मूत्रपिंडाच्या मशीनला जोडतात, ते पेशंट पहाटे घरून न्यायचे आणि उपचार झाले की परत घरी सोडायचे. स्टिअरिंग असं धरते, की ओली चादर पिळते आहे असं वाटावं. ते पेशंट बिचारे आधीच अर्धे झालेले, हिच्या गाडीतून उतरताना पाव उरत असतील.

अडचण अशी, की आपल्या घरापुढे फुटपाथ आणि त्याची कड वीतभर उंच. गाडी आत येणार कशी, उडी मारून? म्हणून व्हॅन उभी असते चौकापलीकडच्या लाकडाच्या वखारीत, आणि तुझी आई अंधारात तिथवर चालत जाते. मी काही जागी नसते. पण चपला वाजतात तिच्या.

त्यात वखारीत कुणीतरी गाडीचा आरसा फोडला आणि त्या दिवशी पेशंट ताटकळले. रुग्णालयाने सांगितलं आहे, की एप्रिल संपायच्या आत गाडी स्वतःच्या आवारात कुलपाआड उभी राहिली पाहिजे. नाहीतर काम दुसऱ्याला. म्हणजे बाई परत शिलाईवर. मला काय, मला दोन्ही सारखंच. पण तिची मान आत्ता कुठे सरळ झाली आहे.

अंगणात जागा आहे. फाटकाचा एक खांब हलवला की गाडी आत मावते. राहिली ती कड. ती खाली उतरवायला नगरपालिकेची परवानगी लागते. घर माझ्या नावावर, म्हणून अर्जही माझा. अंगठा दिला आहे. आता तू सांग, तुम्ही रस्तेवाले लोक नक्की बघता काय?

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायचाच असेल तर अंजिरांच्या रूपाने वाढव.

तुझी आजी
(निळा अंगठा)


९ मार्च

ती. आजीस भिंगरीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि मी ऑफिसात खुर्चीवरून उठून उभी राहिले. आईला लायसन्स! शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे. मग त्यांनाच तो चोरीचा फोटो वर्णन करून सांगितला. आता सगळ्या मजल्याला माझी आई ठाऊक आहे.

अंजिरांचं खरंच विसरले. कान पकडते. मांजराला सांग, तक्रार नोंदवली आहे.

आता कामाचं. इथे माझ्या टेबलावर अशाच फायली येतात, म्हणून सांगते. गाडी पूर्ण अंगणात मावली पाहिजे, शेपूट फुटपाथवर लोंबता कामा नये. अंगणातलं पाणी फुटपाथवर वाहून येऊ नये. दिव्याचा खांब किंवा झाड अगदी खेटून नसावं, ते आपल्याकडे नाहीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी आत-बाहेर करताना फुटपाथवरून चालणाऱ्याला धोका नको. आपल्या दारावरून शाळेची मुलं जातात, तेव्हा ते हेच खोदून विचारतील. कुंपणाची भिंत थोडी उतरवून ठेवा, म्हणजे चालवणाऱ्याला दोन्हीकडचं दिसेल.

पाहणीला माणूस येईल. तो जे विचारेल त्याचं सरळ उत्तर द्यायचं. आजी, सरळ या शब्दाखाली मी रेघ मारली आहे. तुला दिसणार नाही, म्हणून आईने ती वाचून दाखवावी.

आईला म्हणावं, मला तुझा अभिमान वाटतो. हे तरी ती स्वतःला वाचून दाखवेल ना?

आपली माया अशीच टोचत राहो, ही विनंती.

तुझी भिंगरी


१७ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

वि. वि. रेघ वाचून दाखवण्यात आली. मी कधी वाकडं बोलते? विचार हवं तर तुझ्या आईला. बघ, पेन थांबलं तिचं.

पाहणी झाली आणि अशी झाली, की तू तिथे असतीस तर तुझ्या साहेबांना माझं उदाहरण दिलं असतंस. तुझी आई पेशंट घेऊन गेलेली. मी अंगणात वाटाणे सोलत बसले होते. टेप घेऊन एक साहेब आले. अंगाने सडपातळ, चेहरा असा, की जन्मल्यापासून कुणी गुदगुल्या केल्या नसाव्यात. अंगण मापलं, फाटक मापलं, नाली बघितली, भिंतीवरून वाकून दोन्हीकडे पाहिलं. सगळ्याला मान डोलावली. मी म्हटलं, चला, नात शिकलेली उपयोगी पडली.

मग बसले आणि माझा जबाब घेतला. घर कुणाचं, राहतं कोण, गाडी चालवणार कोण. मी म्हटलं सून. त्यांनी विचारलं, गाडी मागे घेता येते का त्यांना नीट. आता परक्या माणसासमोर आपल्याच सुनेची टिमकी वाजवायची का? आपल्या माणसाचं कौतुक आपण करायचं नसतं, ते लोकांनी करायचं असतं. मी आपलं रीतीप्रमाणे सांगितलं, की अहो साहेब, तिला पुढे नेता येते हेच नवल! ती गाडी मागे घ्यायला लागली की मी आधी मांजराला घरात घेते.

आणि काय सांगू, साहेबांनी ते लिहून घेतलं! अख्खं! मग मला वाचूनही दाखवलं. माझंच बोलणं सरकारी भाषेत ऐकायला फार रुबाबदार वाटलं. मी खूश होऊन अंगठा दिला. निघताना त्यांना सोललेले वाटाणेही दिले मूठभर. त्यांनी ते टेपच्या पिशवीत टाकले.

तेव्हा परवानगी आलीच म्हणून समज. खांब हलवायला गवंडी सांगून ठेवला आहे.

(मी हे आत्ताच ऐकते आहे. मांजराच्या वाक्याला मी हसले. मग हसू थांबलं. बघू. आई.)

कळावे. लोभ ठेव. अंजिरांचा विषय मी काढत नाही, मांजर काढतं.

तुझी आजी
(निळा अंगठा, थोडा पुसट, वाटाण्याचा हात)


२५ मार्च

चि. भिंगरीस आईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. हे पत्र माझं एकटीचं. व्हॅनमध्ये बसून लिहिते आहे, पेशंट आत झोपलेत मशीनला.

परवानगी नाकारली गेली. पत्रात काय लिहिलं आहे ते तसंच उतरवते, म्हणजे तुला कळेल. घरमालकिणीच्या जबाबानुसार वाहनचालक महिलेस वाहन सुरक्षितपणे मागे घेता येत नाही व तसे करतेवेळी पाळीव मांजरही घरात घ्यावे लागते. फुटपाथवर शाळेतील मुलांची ये-जा असते. सबब अर्ज नामंजूर. बाकी सगळं योग्य असल्याचंही लिहिलं आहे. अंगण, नाली, भिंत, सगळं. फक्त मीच अयोग्य.

आजीला मी वाचून दाखवलं, पण जबाबाचं गाळलं. जागा कमी पडते असं सांगितलं. त्यावर ती साहेबांच्या टेपला इतकी बोलली, की टेप आखडली असेल. तिला हे कळलं तर जेवणार नाही. एरवी आयुष्यभर ती मला बोलत आली आणि मी ते ऐकत आले. मला त्याचा अर्थ कळतो. तुझे बाबा गेले त्या वर्षी मला म्हणाली होती, रडायचं असेल तर भांडी घासताना रड, पाणी तरी वाया जाणार नाही. आणि मग स्वतःच भांडी घासायला बसली होती.

तू तिला काही लिहू नकोस. मी वखारवाल्यांना विचारते, ते जागेला कुलूप लावू देतात का. नाहीच जमलं तर शिलाई आहेच. तीही काही वाईट नव्हती.

माझं ड्रायव्हिंग चांगलं आहे गं. हे मी फक्त तुला सांगते.

तुझी आई


२९ मार्च
मार्फत औषधवाले काका, आपल्या समोरचं दुकान

ती. आजीस सा. न. वि. वि.

हे पत्र आई वाचून दाखवणार नाही, काका वाचून दाखवतील. काका, आपण डॉक्टरांचं अक्षर वाचता, माझं तर सहज लागेल. आजीला आधी खुर्चीवर बसवा.

आजी, अर्ज जागेमुळे नाकारलेला नाही. तुझ्या जबाबामुळे नाकारला आहे. मांजराचं वाक्य फायलीत गेलं आहे. आईने तुझ्यापासून लपवलं, कारण तुला लागेल. मी तिचं न ऐकता सांगते आहे, कारण जबाब तुझा आहे आणि तो दुरुस्त तुझ्याशिवाय कुणालाच करता येत नाही. फेरविचाराचा अर्ज देता येतो, पण लगेच गेलं पाहिजे.

त्या साहेबांवर चिडू नकोस. असं वाक्य माझ्या टेबलावर आलं असतं तर मीही लाल शेरा मारला असता. मी परीक्षा पास झाले तेव्हा तू म्हणाली होतीस, आता रस्त्यांचं काही खरं नाही. ते ऐकून मला किती भरून आलं होतं! मला तुझी भाषा येते, आईला येते. सरकारला नाही येत. तिथे बोललेलं जसंच्या तसं उतरतं.

तेव्हा एकदाच, फक्त एकदाच, जे पोटात आहे ते सरळ ओठावर आण.

रागावलीस तरी चालेल, पण आपली माया आटू देऊ नकोस.

तुझी भिंगरी


४ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

हे अक्षर वेगळं दिसलं म्हणून घाबरू नकोस. मी सांगते आहे, औषधवाला लिहितो आहे. हात बरा आहे त्याचा, फक्त प्रत्येक वाक्यानंतर जेवणाआधी की जेवणानंतर असं विचारल्यासारखा माझ्याकडे बघतो.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि तुझी आई! मला जागा कमी पडते म्हणून सांगते! इतक्या वर्षांत मला तिने फसवलं नाही, आणि फसवलं ते असं. तुझं पत्र ऐकलं त्या दिवसापासून ताटात माझ्यासमोर काही वाढलं की मला ते गिळवत नव्हतं, पण तिला कळू नये म्हणून गिळलं.

आता ती इथे नाही तर सांगून टाकते. पहाटे तिच्या चपला फाटकाबाहेर पडल्या, की मी त्यांच्यामागे मनाने चौकापर्यंत जाते. चौकाच्या पुढे ऐकू येत नाही. मग नुसती पडून असते. तिचा एक पेशंट आहे, जुना पोस्टमन, तो परवा मला इथे औषधांच्या दुकानात भेटला. म्हणाला, की ताईंच्या गाडीत खड्डा कळतच नाही, मी झोपून जातो. औषधवाल्यानेही ऐकलं. मी त्याला काय म्हटलं असेल? म्हटलं, झोपतोस कसला, भीतीने डोळे मिटत असशील. आणि आत जाऊन पदराने तोंड झाकून घेतलं. हसत होते की काय ते विचारू नकोस.

तर औषधवाल्याला घेऊन मी नगरपालिकेत गेले. दुकान बंद ठेवलं त्याने, देव त्याचं भलं करो. रिक्षात मी सारखी घोकत होते, की माझी सून गाडी चांगली चालवते. अख्ख्या वाटेत चुकले नाही. रिक्षावाल्यालाही पाठ झालं असेल.

आत टेपवाल्या साहेबांच्या वरच्या बाई बसल्या होत्या. चष्मा डोक्यावर, बोलायला गोड. त्यांनी विचारलं, की आजी, सून गाडी कशी चालवते? आणि माझ्या तोंडून काय निघालं ऐक. म्हटलं, बरी आहे, अजून कुणाला मारलेलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला! औषधवाल्याने कपाळावर हात मारला. कोपऱ्यातल्या कारकुनाने पेन उचललं. बाईंनीच त्याला थांबवलं.

मग त्यांनी विचारलं, की तुम्ही असं का बोलता? मी म्हटलं, बाई, आमच्या घरात कौतुक तोंडावर करत नाहीत. तोंडाने शिव्या द्यायच्या आणि ताटात जास्तीचा घास वाढायचा. माझ्या सासूने मला तेच दिलं, मी सुनेला तेच दिलं. आता या वयात दुसरं नाणं कुठून पाडू? बाई हसल्या. म्हणाल्या, की त्यांची आईही अशीच आहे. पण कागदाला सूर ऐकू येत नाही, त्याला शब्दच लागतात.

मला तर शब्द फुटेना. शेवटी म्हटलं, माझ्या तोंडावर जाऊ नका, डोळ्यांनी येऊन बघा. तिला गाडी मागे घ्यायला लावा, तुमच्या समोर, माझ्या अंगणात. बाईंनी जरा विचार केला आणि दहा तारीख दिली. वखारवाला जाड फळ्या देणार आहे, त्या कडेला उतरत्या लावून एकदा गाडी आत घ्यायची.

तुझ्या आईला आज सांगते. आणि तू मला एक सांग. गाडी पूर्ण आत आली की तिची शेपूट अंगणात नेमकी कुठवर येते? मागे घराच्या पायरीपासून किती जागा उरते? सहज विचारते.

लोभाचा डोस चुकवू नकोस. हे शेवटचं वाक्य औषधवाल्याचं आहे, पण मला पटलं.

तुझी आजी
(जांभळा अंगठा, दुकानातल्या शिक्क्याची शाई)


९ एप्रिल, कार्ड

ती. आईस,

घाईत लिहिते. आजीने मला विचारलं आहे, की गाडीची शेपूट अंगणात कुठवर येते. सहज, असं लिहिलं आहे. तिला सहज काही विचारण्याची सवय नाही. दहा तारखेला तिच्यावर लक्ष ठेव. आणि आई, आरसे पुसून घे, आणि नेहमीसारखीच चालव. परवानगीचं कळेपर्यंत मी इथे जेवणार नाही.

भिंगरी


२७ एप्रिल

चि. भिंगरीस, तिच्या आजीकडून मांडीभर आशीर्वाद.

वि. वि. तुझं कार्ड बाराला पोचलं. वरातीमागून घोडं. तू इतके दिवस उपाशी राहिली नसशील अशी आशा आहे. पुन्हा तुझी आईच लिहिते आहे, तेव्हा सगळं तिच्यादेखत.

दहाला बाई आल्या, टेपवाले साहेब आले, वखारवाला फळ्या घेऊन आला, औषधवाला दुकान उघडं टाकून आला. समोरच्या खिडक्यांतून बायका आल्या त्या निराळ्याच. फळ्या कडेला लावल्या, साहेबांनी त्यावर उभं राहून नाचून पाहिलं. तुझ्या आईने व्हॅन आणली आणि रस्त्यात तोंड वळवून उभी केली. मी तिला असं बघितलं नव्हतं कधी. शिलाईवर बसलेली बघितली होती, पाठ दिसायची. आता समोरून दिसली.

तेवढ्यात मी माझी खुर्ची उचलली आणि अंगणाच्या टोकाला घराच्या पायरीला टेकवून ठेवली. बसले. मांडीवर वाटाण्यांचं ताट घेतलं, त्याच्याशेजारी मांजर. मांजराला वाटाण्यात रस नाही, पण माझ्याजवळ बसायला त्याला आवडतं.

बाई धावत आल्या. म्हणाल्या, की आजी, तिथून उठा, गाडी तिथेच येणार आहे. मी म्हटलं, मला कमी ऐकू येतं. साहेब म्हणाले, की हे नियमात बसत नाही. मी म्हटलं, मागच्या वेळी मी जे बोलले ते तुम्ही लिहिलंत. आज मी काही बोलणार नाही, जे दिसेल ते लिहा. आणि वाटाणे सोलायला लागले.

गाडीचा हॉर्न वाजला. तुझ्या आईने काच खाली करून मला हाक मारली, उठा म्हणून. मी मान वर केली नाही. मग काच वर गेली. आणि व्हॅन मागे यायला लागली.

(इथून थोडं मी लिहिते, आजी मला अडवणार नाही म्हणाली आहे. आरशात मला फक्त तीच दिसत होती. मी दोनदा थांबले. तिसऱ्यांदा वाटलं गाडीतून उतरावं आणि सगळं सोडून द्यावं. पण तिने एकदाही वर पाहिलं नाही. शेंग फोडायची, वाटाणे ताटात, साल बाजूला. जशी रोज करते तशी. भिंगरी, मला इतक्या वर्षांत कुणी इतकं मोठं काही दिलं नाही. मी पेशंट आणते तशीच गाडी आणली. आई.)

पुरे, पुरे. पान माझं आहे.

गाडी आली ती माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबली. इंजिनाची ऊब पायाला लागली. एक वाटाणा सांडला नाही. मांजराने एक डोळा उघडला, गाडीला बघितलं, आणि मिटला. बाई म्हणाल्या, की साहेब, मांजर आत घेतलेलं नाही याची नोंद करा. आणि साहेबांनी ती केली! खरंच केली! आणि लिहिताना त्यांच्या ओठाचा एक कोपरा वर गेला, मी बघितला. गुदगुल्या झाल्या त्यांना, आयुष्यात एकदा.

परवानगी आली. नगरपालिकेची माणसं आली आणि कडेचे दगड काढून खाली बसवले. दोन्ही बाजूंना हळूहळू चढत जाणारे, मधे सपाट. मी खुर्ची टाकून पूर्ण वेळ बसले होते. आता दुपारी तिथून बाबागाडी ढकलणाऱ्या बाया जातात, काठी टेकत म्हातारे जातात. सगळे आपल्या दारापुढेच रस्ता ओलांडतात, कारण पाय उचलावा लागत नाही. मी बसल्या जागी सगळ्यांना ओळखते. कुणी विचारलं, की हा उतार कुणी करून घेतला, तर मी सांगते, एका बाईला सरळ चढता येत नव्हतं म्हणून करावा लागला. तुझ्या आईला कळतं मी काय म्हणते ते.

व्हॅन आता अंगणात असते, कुलपाआड. रुग्णालयाच्या माणसाने येऊन पाहून घेतलं आणि काम कायम झालं. पहाटे मला चपला ऐकू येत नाहीत. फाटक वाजतं, इंजिन सुरू होतं, उतारावरून गाडी अलगद खाली जाते. चौकाच्या पुढेही बराच वेळ ऐकू येते. मग मी झोपते. परवा तर उजाडेपर्यंत झोपले, तुझी आई परत येईपर्यंत, आणि तिने मला आळशी म्हटलं. सुनेने सासूला! दिवस बदलले.

आता शेवटचं. रिक्षात घोकलं होतं आणि बाईंपुढे फुटलं नव्हतं, ते वाक्य मला अजून कुठेतरी ठेवायचं आहे. तुझ्या पत्रात ठेवते. सूनबाई, लिही. माझी सून गाडी चांगली चालवते. माझ्या आजवर पाहण्यात आलेल्या सगळ्या माणसांत ती चांगली चालवते, गाडीही आणि घरही.

बघ, पेन थांबलं. भिंगरे, तुझी आई हे लिहीत नाहीये असा मला संशय आहे. इकडे खिडकीकडे तोंड करून बसली आहे. पण मी काही कच्च्या गुरूची चेली नाही. पाकीट चिकटवायच्या आधी हे पत्र औषधवाल्याकडून वाचून घेणार आहे. वाक्य नसेल तर परत लिहायला लावीन.

(लिहिलं.)

लोभ जसा आहे तसा असू दे, आता उतार झाला आहे, सहज आत येईल.

आणि अंजिरं पाठव. दोन वेगळ्या पुड्या बांध. एक माझी, बरणीत घालायला. दुसरी मोठी, गाडीत ठेवायला, कारण ती बाई पहाटे उपाशीपोटी निघते आणि कुणाला सांगत नाही. पुरेशी नसली तर माझ्या पुडीतली काढून तिच्यात घाल. मांजराला मी समजावीन.

तुझी आजी
(निळा अंगठा, यावेळी दोनदा)